टिचकीबाईंचे ठिपके

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळा कारखाना टिचकीबाई म्हणतो. मातीचे कप वाळले की भट्टीत जाण्याआधी त्या प्रत्येकाला टिचकी मारतात, आवाज ऐकतात आणि निकाल देतात: हा टिकेल, हा तडकेल. तीस वर्षं हाच तोरा! मी कपांना कान चिकटवते, त्यामुळे काही बिघडलं की खापर माझ्यावर. किती ऐकून घ्यायचं माणसानं?

यंदा शंभरातले तीस कप तडकायला लागले. मालक म्हणाले, "महिनाभर बघतो, नाहीतर भट्टी बंद." आमची दोघींची घरं त्या भट्टीवर चालतात.

जाऊबाईंनी कंबर कसली. शंभर कपांना नंबर घातले आणि टिचकी, वजन, कानाची जाडी या तिन्हींवरून केलेला अंदाज वेगवेगळा लिहून ठेवला. मी मुद्दाम खोडी काढली, "कुठल्या फळीवर वाळला, तेही लिहा की!" त्यांनी डोळे वटारले, पण फळीवरूनही अंदाज लिहिला.

"एका वेळी एकालाच विचारायचं," त्या म्हणाल्या. "सगळे एकदम बोलले तर खरं कोण बोललं, कसं कळणार?"

भट्टी उघडल्यावर त्यांनी भिंतीवर चार रांगा मांडल्या. अंदाज बरोबर आला की पांढऱ्या मातीचा ठिपका, चुकला की लाल. वजनाची रांग लालेलाल. कानाची बरी, अठ्ठ्याहत्तर पांढरे. टिचकीचे अडुसष्ट.

"अडुसष्ट काही वाईट नाहीत," जाऊबाई म्हणाल्या.

मालक हसायला लागले. "अहो, मी डोळे मिटून सगळेच टिकतील म्हटलं असतं, तरी सत्तर बरोबर आले असते!"

जाऊबाईंचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला उकळ्या फुटल्या. मग वाईटही वाटलं.

फळीची रांग मात्र जवळजवळ पांढरीशुभ्र! त्र्याण्णव! तडकणारे बहुतेक कप खिडकीजवळच्या फळीवरचे, वाऱ्यानं घाईनं वाळलेले. आणि ती खिडकी यंदा हौसेनं नवी बसवून घेतली होती कुणी? मालकांनी! आता हसायची पाळी आमची.

मालक ओला फडका घेऊन टिचकीची रांग पुसायला निघाले. जाऊबाईंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. चुकले तर चुकले."

मग त्यांनी भिंतीवर खडूनं दोनच प्रश्न लिहिले. खिडकीजवळ वाळला का? नसेल तर खुशाल भट्टीत. वाळला असेल तर कान जाड आहे का? जाड असेल तर मोडून पुन्हा मातीत. पुढचे शंभर कप त्यांनी असेच निवडले, एकालाही टिचकी न मारता. बोटं नुसती शिवशिवत होती बिचारीची.

भट्टी उघडली. तडकलेले फक्त तीन. मालकांनी तीनदा मोजले आणि म्हणाले, "भट्टी चालू राहील."

जाऊबाई मला म्हणाल्या, "तुझे कान चांगले असतात गं, खोट खिडकीत होती. मीच उगाच बोलत आले."

वीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच त्यांच्या गळ्यात पडले.