बाबांना आवडलेली इंग्रजी ओळ

माझ्या लघुशोधप्रबंधाचा कच्चा प्रिंट सगळ्यात आधी वाचला तो बाबांनी. आदल्या संध्याकाळी वाशीमहून तो घेऊन मी मानोऱ्याकडच्या आमच्या गावी आले, न उघडताच फळीवर ठेवला आणि झोपले. सकाळी पाहते तर बाबा तो घेऊन विहाराच्या ओट्यावर, भोवती पाच-सहा जण. बाबा चौथी शिकलेले. मराठी बोट ठेवून वाचतात, इंग्रजी नुसतं पाहतात.

"पानापानावर इंग्रजी लिवलं पोरीनं," ते सांगत होते. "तेबी ठळक."

मी चमकले. माझा विषय आमच्या भागातल्या जुन्या विहिरी, आणि सगळं लिहिलेलं मराठीत. प्रिंट हातात घेतला. जिथं जिथं 'आकृती ४ पाहा', 'आकृती ११ पाहा' हवं होतं, तिथं तिथं 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड'. तुम्ही दाखवताय ती आकृतीच सापडत नाही, असं कॉम्प्युटर पानोपानी ओरडत होता. बाबांना अर्थ सांगायचा धीर झाला नाही.

त्याच दिवशी पाच वाजता प्रबंध घ्यायची खिडकी बंद होणार होती. चुकली की सहा महिने गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. उशीर झाला असता तर गावात 'नापास झाली' एवढंच पोचलं असतं.

मिळेल ती गाडी धरून वाशीमच्या स्टँडजवळ, प्रिंट काढला होता त्याच टायपिंगच्या दुकानात शिरले. दुकानवाले चाचा मुख्यतः लग्नपत्रिका छापतात. त्यांनी फाइल उघडली, तर स्क्रीनवर सगळे आकडे जागच्या जागी. कागदावर मात्र पुन्हा तेच इंग्रजी. तेव्हा डोक्यात उजेड पडला: छापण्याआधी मशीन सगळे आकडे एकदा नव्यानं शोधतं. मी एका चित्राखालच्या आकड्यावर क्लिक केलं. आपोआप पडलेला आकडा असला की मागं करडा रंग येतो. आला नाही. आकडा हातानं टाइप केलेला होता, म्हणून मशीनला तो सापडतच नव्हता.

चित्रांखालच्या ओळींना कोणी हात लावला, विचारलं. चाचांनी आनंदानं कबूल केलं. माझ्या ओळी पुसून त्यांनी त्या पत्रिकेच्या नक्षीदार फाँटात नव्यानं लिहिल्या होत्या. "बेटा, बिना शृंगाराची नवरी दिसून राह्यली होती."

मला राग यायला हवा होता. आलं हसू, आणि ते थांबेचना. मग चाचाही हसायला लागले.

आकृत्या तेवीस. नटवलेली ओळ काढायची, खरी घालायची, मग मजकुरातला प्रत्येक संदर्भ तिला नव्यानं जोडायचा. चाचांनी पत्रिकांची कामं बाजूला सारली आणि जुन्या मसुद्यातून पुकारत बसले, अमुक पान, अमुक आकृती. साडेतीनला झालं म्हणेपर्यंत लक्षात आलं, एका विहिरीच्या फोटोखालची ओळ राहिली. बाबा मोजपट्टी धरून उभे आहेत तीच. ती सातवी. म्हणजे पुढचे सगळे आकडे एकेकानं सरकणार.

"समदं पुन्हा?" चाचा खुर्चीत घसरले.

मी ती ओळ घातली, तिचे संदर्भ जोडले, अख्खी फाइल निवडली आणि आकडे नव्यानं लावणारं एफ नाईनचं बटण दाबलं. सातचे आठ, आठचे नऊ, पुस्तकभर आकडे आपापले सरकले. चाचांनी चष्मा पुसला आणि पुन्हा दाबून दाखवायला सांगितलं. दाबलं. अर्थातच काही झालं नाही, आणि त्यावरही आम्ही हसलो.

पाचला वीस कमी असताना कॉलेजच्या खिडकीवरच्या बाबूनं शिक्का मारला. मी बसपर्यंत जवळजवळ नाचतच गेले.

घरी बाबांनी दुसरी प्रत चाळली. "इंग्रजी काहून काढलं व?"

मग खरं सांगितलं. ते इंग्रजी मी लिहिलेलंच नव्हतं, मशीननं दाखवलेली चूक होती. बाबांनी चाळणं थांबवलं. "एवढ्या लोकाइले दाखवलं ना मी."

मी त्यांचं बोट 'आकृती ७ पाहा' वर ठेवलं. त्यांनी वाचलं, पान उलटलं आणि स्वतःला पाहिलं. मग चपला घातल्या आणि पुस्तक काखेत मारून ओट्याकडे निघाले. मी मागोमाग गेले. ते एकेकाला ती ओळ मोठ्यानं वाचायला लावत होते, आणि पान मात्र स्वतःच उलटत होते.