कोपऱ्यातलं बटण

"मॅडम, स्टार्टचं बटण गेलं कुठं?"

सकाळी ऑफिसं उघडली आणि माझा फोन वाजायला लागला. पहिला फोन हा. दुसरा अकाउंट्सच्या घाग मॅडमचा. "माझा गणपती गायब झालाय," त्या म्हणाल्या. गणपती म्हणजे वॉलपेपरवरचा. तो गेला आणि त्या जागी कुठलंतरी निळं फूल आलं, म्हणून त्या दिवसभर कामाला हात लावायला तयार नव्हत्या. तिसरा फोन खुद्द मॅनेजर सुर्वे साहेबांचा.

"अपग्रेड म्हणजे सुधारणा ना हो? मग हे असं का झालंय?"

मी रत्नागिरीत राहून आसपासच्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. जयगडला बंदराच्या गेटबाहेर एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस आहे, तेही माझ्याकडे; हे फोन तिथलेच. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट संपला, म्हणजे तिला आता नवी सुरक्षा मिळणार नव्हती, म्हणून सगळ्या मशीनवर नवी टाकायची असं मुंबईच्या हेड ऑफिसनं ठरवलं. टाकली मी. त्यामुळे शिव्यांची धनीही मीच. आमच्या धंद्यात हे चालायचंच. सगळं नीट चाललं तर आमची आठवण कोणाला येत नाही.

फोनवर एकेकाची समजूत घालत होते. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधे येऊन बसलंय, गेलेलं नाही. गणपती परत लावता येतो. चार दिवस जातील, सवय होईल. लोक ओरडतात, मग शोधतात, मग विसरतात. तेव्हा ओरडणाऱ्यांची मला फारशी काळजी नसते.

त्या ऑफिसातून एकाचा मात्र फोन आला नव्हता. खिडकीवरच्या भाटकर काकांचा.

काका गेट-पास द्यायचे. ट्रक बंदरात आत जाताना इन-पास, माल भरून बाहेर पडताना आउट-पास. रिटायर व्हायला आलेला, पांढऱ्या शर्टातला शांत माणूस. त्यांची एक पद्धत होती. ड्रायव्हर खिडकीवर आला की काका म्हणायचे, "बोल नंबर!" ड्रायव्हरनं गाडीचा नंबर मोठ्यानं म्हणायचा, काकांनी तो तसाच मोठ्यानं परत म्हणायचा, ड्रायव्हर "बरोबर" म्हणाला की पास छापायचा. सोलापूरचे, बेळगावचे ड्रायव्हर रांगेत उभे राहून ओरडायचे. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथे शाळा भरलीय. सगळे म्हणायचे, काकांचा स्वभावच तसा, दणक्यात काम करायचा.

दुपारी सुर्वे साहेबांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज चढलेला.

"मॅडम, आत जाणाऱ्या गाड्यांना आउट-पास निघतायत. सिक्युरिटीनं गाड्या परत पाठवल्या. रांग पार फाट्यापर्यंत गेलीय. तुमची सिस्टीम पास उलटे छापतेय!"

सिस्टीम पास उलटे छापत नसते. पण हे फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. गाडी काढली आणि जयगड गाठलं.

काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "काका, तुम्ही करा नेहमीसारखं. मी नुसती बघते."

त्यांनी माउस धरला आणि सरळ खालच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन आपटला. पूर्वी तिथे स्टार्ट होतं. मग माउस वरच्या कोपऱ्यात आपटला, तिथून खाली जरासा सरकवला आणि क्लिक केलं. पूर्वी तिथे इन-पासचं चित्र होतं. आता आउट-पासचं होतं. काकांनी ते पाहिलंच नाही. त्यांचे डोळे स्क्रीनवर होते, पण दुसरीकडेच कुठेतरी.

मी हळूच विचारलं, "काका, स्टार्टचं बटण आता कुठे आहे, दाखवता?"

त्यांनी मान वाकडी केली. स्क्रीनवरून डोळे फिरवत राहिले, अंधारात कोणी टॉर्च फिरवावा तसे. बटण त्यांच्यासमोर होतं. खूप वेळानं ते सापडलं. खिडकीबाहेरचा ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवायला निघून गेला होता.

उन्हात उभे राहून ते ड्रायव्हर वर्षानुवर्षं का ओरडत होते, ते मला त्या क्षणी कळलं.

चहाच्या निमित्तानं आम्ही मागच्या बाजूला गेलो.

"काचबिंदू हाय गो बाय," काका म्हणाले. "कडेकडेचं सगळं गेलंय. मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. समोर आणून ठेव, वाचतो मी. पण शोधूक नाय जमत. जागच्या जागी असलं ना, की माझं काय अडत नाय."

"साहेबांना ठाऊक आहे?"

"कोणाक ठाऊक नाय. लेक चिपळूणला नर्सिंग शिकतेय, शेवटचं वर्ष. तिचं होईपर्यंत तेवढं ढकलायचंय मला. तू सांगू नको हां."

नव्या सिस्टीममध्ये कमी दिसणाऱ्यांसाठी सोयी आहेत. माउसचा बाण मोठा आणि पिवळाजर्द करता येतो, अक्षरं वाढवता येतात. मी आनंदानं सांगायला गेले.

"आणि तो मोठा बाण बघून साहेब विचारणार नाय, कशाला म्हणून?"



मग स्टार्ट डाव्या कोपऱ्यात नेलं. इन-पास, आउट-पास काका सांगतील त्या जागी ठेवले. काकांनी माउस कोपऱ्यात आपटला, क्लिक केलं, बरोबर इन-पास उघडला. खिडकीतून आवाज गेला, "बोल नंबर!" रांग हलली. साहेबांना मी सांगितलं, "सेटिंग होतं, केलं." खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. पास पुन्हा चुकीचे.

हेड ऑफिसनं 'पॉलिसी' लावली होती. पॉलिसी म्हणजे सगळ्यांच्या स्क्रीनची मांडणी मुंबईहून एकसारखी ठरवायची. मशीन रोज सुरू झालं की ती आपोआप लागते आणि तुम्ही केलेलं सगळं पुसलं जातं. मी हेड ऑफिसला फोन लावला.

"एका मशीनला पॉलिसीतून वगळा," मी म्हटलं.

"एक्सेप्शनची रिक्वेस्ट टाका, मॅम. रीझन काय लिहिणार?"

"युजरला सवय नाही."

"ते तर सगळेच म्हणतायत. रीजेक्ट होईल. मेडिकल वगैरे आहे का काही?"

मी फोन ठेवला. एका बटणाच्या जागेसाठी माणसाचं अख्खं दुखणं मुंबईला पाठवायचं होतं. मला खूप राग आला, पण कुणावर काढायचा तेही कळेना. पॉलिसी लिहिणाऱ्यानं भाटकर काकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

काही दिवस मी रोज सकाळी घरून काकांच्या मशीनला कनेक्ट व्हायचे आणि खिडकी उघडण्याआधी मांडणी लावून ठेवायचे. मग एका सकाळी आमच्याकडची लाइट गेली. त्याबरोबर इंटरनेटही.

त्या दिवशी माल भरलेला ट्रक इन-पासवर बाहेर निघाला आणि गेटवर भांडण जुंपलं. सुर्वे साहेब तणतणत खिडकीशी आले, मला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. "आत्ताच्या आत्ता या. नाहीतर तुमचं कॉन्ट्रॅक्ट..."

पलीकडून काकांचा आवाज आला. नेहमीसारखा दणक्यात नव्हता.

"तिला काय बोलू नका साहेब. तिची चूक नाय. मला दिसत नाय."



सुर्वे साहेब दुष्ट नाहीत. नंतर मला म्हणाले, "मी काय करू, मॅडम? बंदराचं गेट आहे. उद्या चुकीच्या पासवर कुठली गाडी आत शिरली आणि कुणाच्या अंगावर गेली, तर?" मी एवढंच म्हटलं, "एका जागी ठेवलं असतं तर चुकत नव्हते ते." तेही म्हणाले, "हो. पण आता कळलंय ना." कळल्यावर कंपनीची मेडिकल तपासणी झाली, काका त्यात नापास झाले आणि घरी बसले.

दुखणं आता सगळ्यांना ठाऊक झालंच होतं, म्हणून गेटवरच्या भांडणाच्या दिवशीच मी एक्सेप्शन टाकून दिलं होतं. ते मंजूर झाल्याचा ईमेल आला तेव्हा खिडकीवरची खुर्ची रिकामी होती.

काका गावी असतात. मधे एकदा फोन केला, तर म्हणाले, "घरात बरं चाललंय बाय. घरातलं काय कोण हलवत नाय." लेक शिकतेय अजून. तिच्या फीचं कसं भागतं, ते विचारायचा धीर झाला नाही.

परवा त्या ऑफिसात प्रिंटर बघायला गेले होते. खिडकीवर नवी मुलगी आहे. चटपटीत, काम चोख. बाहेर एक जुना ड्रायव्हर आला आणि सवयीनं गाडीचा नंबर मोठ्यानं म्हणायला लागला.

"ओरडता कशाला हो काका?" ती हसून म्हणाली. "मला दिसतंय की."

तो मधेच थांबला. त्यानं खुर्चीकडे बघितलं आणि उरलेला नंबर हळू आवाजात सांगितला.

हल्ली कुठेही अपग्रेड केलं की फोन करणाऱ्यांना मी सांगते, थांबा, येते. आधी जाऊन ज्याचा फोन आला नाही त्याच्या शेजारी बसते.