परखीचं भोक

कामरगावच्या लखीरामनं चाळीस वर्षं अडत्याकडे पोत्यांत परखी खुपसून आतलं सोयाबीन तपासलं. टोकदार परखी बाहेर काढली की तिच्याच टोकानं पोत्याचा ताग घासून भोक बुजवायचं, ही त्याची शिस्त.

नात योगिनी दवाखान्यात सीटी स्कॅन काढते. तिनं मोबाईलवर पट्ट्यांत गुंडाळलेलं हजारो वर्षांपूर्वीचं मढं दाखवलं.

"आबाजी, पट्टी न सोडता आतलं सारं दिसलं. याचा गुडघा झिजला होता."

लखीराम फोटो मोठा करकरून भोक शोधत राहिला.

"परखी कुठी मारली मंग?"

"मारलीच नाई. मशीननं आरपार पाह्यलं."

त्याला काही उमजेना. स्वतःचा गुडघा चोळत तो खेकसला, "अन् हा जिता असतानी लंगडत व्हता, तवा कोनं पाह्यलं?"

योगिनीनं मोबाईल ठेवून त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. "तुमचा कधीपासून दुखून राह्यला?"

आता तर तो पुरताच गोंधळला. हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.