जांभळ्याचं पिवळं

औषधी वनस्पतींच्या त्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे सावलीकाका म्हणत. कुणी पाला उन्हात वाळत घातला की त्यांचं पित्त खवळायचं. "अरे, उन्हात सत्त्व उडून जातं!" अठ्ठावीस वर्षं पाला सावलीत वाळवायचा, दळायचा, स्पिरिटात भिजवायचा, गाळायचा, पदव्या मात्र दुसऱ्यांनी घ्यायच्या. काकांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

तपासणी सोपी होती. जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट असले तर रंग उतरून पिवळा होतो. पण हे द्रावण नुसत्या उजेडानेही फिकं पडतं, म्हणून बाटलीला चंदेरी कागद गुंडाळायचा आणि शेजारी एक नळी अर्काशिवाय ठेवायचीच. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला काका हे कान धरून शिकवत.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. काकू ऑपरेशनच्या नावानेच घाबरल्या. "दुनियेचा पाला तपासता, एकदा माझ्या कुंडीतला तपासा की!"

बुडत्याला काडीचा आधार. काकांनी त्या पाल्याचा अर्क काढला आणि जेवणाच्या सुट्टीत जांभळ्या द्रावणाच्या नळीत सोडला. जांभळं बघता बघता पिवळं झालं. इतक्या झटकन झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते तसेच घरी धावले. "अगं, तुझं झाड गुणाचं निघालं!"

काकूंनी ऑपरेशन रद्द केलं आणि रोज सकाळी त्या पाल्याचा काढा घ्यायला लागल्या. काकांनी अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही तेच हवं होतं.

तीन महिन्यांनी त्यांनी मोठ्या कौतुकाने हे प्रयोगशाळेच्या मॅडमना सांगितलं. मॅडमनी विचारलं, "आणि अर्काशिवायची नळी?"

ती काकांनी लावलीच नव्हती. मॅडमनी त्या तारखेची वही काढली. त्यात नोंद होती: बाटलीचा कागद फाटलेला, बाटली सकाळभर खिडकीत राहिली, द्रावण खराब. संध्याकाळी फेकून दिलं होतं.

"आणि काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "नळीत रंग उतरला म्हणून पोटातली गाठ उतरते का हो?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. दुसऱ्याच दिवशी काका काकूंना दवाखान्यात घेऊन गेले. गाठ पसरली होती. डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच यायला हवं होतं." काका व्हरांड्यातल्या बाकावर बसून ढसाढसा रडले.

काकूंना त्या नळीचं खरं सांगायचं त्यांनी रोज ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं. शेवटी काकूंना उठवेना. तेव्हाही काका पाला सावलीत वाळवत, काढा उकळून दोनदा गाळत आणि चमच्याने पाजत.

"जांभळं पिवळं झालं होतं ना हो?"

"झालं होतं."

"मग लागू पडतोय ना?"

अठ्ठावीस वर्षांत त्या माणसाने वहीत एक आकडा खोटा लिहिला नव्हता.

"पडतोय," काका म्हणाले, आणि त्यांनी तिचं तोंड पुसलं.