दीदींनी लॅमिनेशन केलं नाही

शंकर नगरातल्या झेरॉक्सवाल्या दीदींनी आमच्या पोट्टीची, म्हणजे लेकीची, डिग्री वाचवली, हे आधी सांगतो. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पोट्टीला व्हिएतनाममधल्या शाळेत शिकवायची नोकरी लागली. व्हिसासाठी मूळ डिग्रीवर सरकारी शिक्के घ्यायचे होते. मी सातवीत शाळा सोडून वर्ध्याहून रायपूरला आलेला माणूस. आमच्या घरातली ही पहिलीच डिग्री. खराब होईल या धास्तीनं पोट्टीला न सांगताच लॅमिनेशनला घेऊन गेलो.

दीदींनी ओढणीला हात पुसले. गरम पोळी उचलावी तशी बोटांच्या टोकांनी डिग्री उचलली आणि विचारलं, "भैया, हे बाहेर देशात जाणार काय?"

"हव. पोट्टी शिकवाले चालली."

"मग प्लास्टिक काहून? त्याच्यावर शिक्का कसा बसंल?"

मी म्हणालो, "मले वाटलं, जपून ठेवावं."

त्या हसल्या. "याले शिक्के खाऊ द्या, भैया. जितके खाईल तितकी पोट्टी दूर जाईल."

मग त्यांनी डिग्रीची रंगीत झेरॉक्स काढली, तिचं लॅमिनेशन केलं आणि म्हणाल्या, "हे घ्या. हे जपा तुम्ही."

सगळे शिक्के झाले. पोट्टी मागच्या आठवड्यात विमानात बसली. कधीतरी एक दिवस दीदींना दुकानात नुसतं खुर्चीवर बसवणार आहे. दिवसभर झेरॉक्स मी काढीन. तेवढं मशीन शिकून घेतो.