गायकवाड सरांनी सोडवलेली गणितं

गायकवाड सर गेल्याची बातमी मला मस्कतच्या वादी कबीर भागातल्या घरी पोळ्या लाटताना कळली. सरांच्या बायकोचा, वहिनींचा, दक्षिणेतल्या सलालाहहून फोन. खरीफमधली, म्हणजे तिथल्या पावसाळ्यातली, हिरवळ बघायला दोघं गेली होती. सकाळी फिरून आले, चहा मागितला आणि... खुर्चीतच. "तुमचं बोलणं बंद होतं ना हो?" वहिनींनी रडत रडत विचारलं. नाही कशी म्हणू? चार महिने बंद होतं, आणि दोष सगळा माझा.

मस्कतच्या आमच्या कॉलेजात ते सेंद्रिय रसायन शिकवायचे, मी भौतिक रसायन. माणूस मुलखाचा चौकस. कॅन्टीनवाल्यालासुद्धा चहा किती मिनिटं उकळलास म्हणून विचारणार! युरोपातल्या विद्यापीठांनी मिळून रसायनशास्त्राच्या पदवीचा एक सामाईक आराखडा केलाय, एका देशातली पदवी दुसऱ्या देशात चालावी म्हणून. आमच्या ओमानी मुलांनाही तिकडे पुढे शिकता यावं, यासाठी आमची पदवी त्यात बसवायचं काम सरांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यात त्यांना एक गंमत सापडली. तिथे श्रेयांक ठरतात ते विद्यार्थ्याला एकूण किती वेळ लागतो त्यावरून. शिक्षकाने वर्गात किती तास घेतले हा त्यातला एक तुकडा. "बाई, इतकी वर्षं आपण आपलंच घड्याळ बघत बसलो की हो!" म्हणाले. चेहऱ्यावर कोण आनंद!

मग प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांनी एकेक वही दिली. कशाला किती वेळ लागला ते लिहा. महिन्याभराने मरियम नावाच्या मुलीची वही माझ्यापुढे ठेवली. माझ्या पेपरखाली तिने लिहिलं होतं: जर्नल फेअर करणं, सहा तास. गणितं, अर्धा तास, कळली नाहीत. आता हे जर्नलचं खूळ मीच इथे आणलेलं. समास, पेन्सिलीच्या आकृत्या, खाडाखोड झाली की पान पुन्हा, मग माझी लाल सही... आम्ही असेच शिकलो ना! "सहा तास ती रसायन शिकली की अक्षर?" सरांनी विचारलं, तेही भर स्टाफरूममध्ये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जर्नल गेलं की माझ्या प्रॅक्टिकलचे तास जाणार, आणि इथे तास कमी झाले की काँट्रॅक्ट रिन्यू होत नाही. खलास! लेक बारावीत, हे लांब दुक्म बंदरात प्रोजेक्टवर, त्यांचंही काम संपत आलेलं. "दुसऱ्याच्या ताटातलं काढून आराखडे भरू नका, सर," एवढं बोलले आणि उठले. त्यानंतर सर कॉरिडॉरमध्ये दिसले की मी उगाच फोन कानाला लावायची.

सप्टेंबरात कॉलेज उघडलं आणि विभागप्रमुखांनी तो अर्धवट आराखडा नेमका माझ्याच हातात दिला. माझ्या पेपरचं पान उघडायला दोन दिवस धीर होईना. उघडलं, तर काय... माझी सगळी गणितं सरांनी स्वतः सोडवली होती! साठीला टेकलेला सेंद्रियवाला माणूस, विद्यार्थ्यासारखा घड्याळ लावून बसला होता. प्रत्येक गणितापुढे मिनिटं. एंट्रॉपीच्या एका गणितावर तीन प्रयत्न, तिन्ही खोडलेले. खाली मराठीत लिहिलं होतं, "तीन संध्याकाळी गेल्या. पुस्तक वाचून एकट्याने होत नाही. जर्नलचे सगळे तास इकडे द्यावेत, बाईंनी शेजारी बसून सोडवून घ्यावं." म्हणजे माझा एकही तास जात नव्हता. मला रडू आवरेना. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, "बाई बोलायला लागल्या की हे गणित विचारणे."

मी पेन घेतलं आणि तिथेच खाली ते गणित पायरीपायरीने सोडवलं. त्यांच्या पद्धतीने घड्याळ लावून. बारा मिनिटं लागली... तेवढीही मी त्यांना दिली नाहीत.