तिरडीवरच्या माणसाला उठवायचं राहिलं

तुमच्या गावात स्मशानभूम्या किती आहेत?

'एक' असं उत्तर तोंडावर आलं असेल तर ते आधी नीट तपासून घ्या, मग पुढे वाचा. मी जे सांगणार आहे ते भुताखेताचं वाटेल… पण त्याची सुरुवात या प्रश्नातच आहे.

मी वर्षा, अमरावतीची. बाबा चळवळीतले. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. शाळेचा अभ्यास मी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर केलाय — इकडे पाढे, तिकडे 'बुवाबाजी बंद करा'. कॉलेजात असताना अंगात येण्याच्या थोतांडावर मी स्वतः पत्रक लिहून एसटी स्टँडवर वाटलं होतं. त्यातला एक शब्दही आज मागे घेत नाही. तरी भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदराला लिहितेय, कारण बार्शीटाकळीजवळ भर दुपारी, सिनेमाच्या सगळ्या युनिटसमोर जे घडलं ते मला कुठल्याच पत्रकात बसवता येत नाहीये.

आधी नाटकाबद्दल सांगते. 'शेड तयार आहे' हे मी लिहिलेलं नाटक. गाण्यांचं, हसवणारं, आणि हसता हसता घशात अडकणारं. एका गावाच्या स्मशानात नवीन शेड बांधून होतं. मंत्री उद्घाटनाला येणार, मंडप पडतो, हार येतात, पण गावात कोणी मरतच नाही! मग गावकरी एका म्हाताऱ्याच्या मागे लागतात — बाबा, फीत कापून होईस्तोवर जरा मेल्यासारखं पडून राहा. म्हातारा तयार होतो. नाचत-गात त्याची तिरडी निघते. फीत कापली जाते. आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात येतं, की या म्हाताऱ्याच्या वस्तीचं स्मशान वेगळं आहे, नाल्यापलीकडे. शेडमध्ये त्याला ठेवता येत नाही, खोटं खोटंसुद्धा नाही. तिरडी वाटेतच थांबते. म्हातारा तिरडीवर उठून बसतो, शेवटचं कडवं म्हणतो आणि परत आडवा होतो. तो खरंच गेला की सोंग करतोय, ते आम्ही सांगत नाही.

म्हाताऱ्याचं काम करायचे सुकदेवकाका, भातकुलीचे. ढोलकीवर अकोल्याचे रशीदचाचा. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे.

"तुह्या ढोलकीनं मेलेला मानूस उठून पळीन बे," काका म्हणायचे.

"तुले तं उठवा लागते रोज," चाचा म्हणायचे, "जित्ता असून झोपते स्टेजवर."

हे 'उठवणं' खरंच होतं. या दोघांच्या जुन्या नाटकमंडळीतला तो नेम. स्टेजवर जो नट तिरडीवर झोपेल, त्यानं आपणहून उठायचं नाही. नाटक संपलं की ढोलकीवाल्यानं त्याला खऱ्या नावानं, बापाच्या नावासकट हाक मारायची. त्यानं 'हाव, हाय मी' म्हणायचं. मगच उठायचं. मी पहिल्याच तालमीला आक्षेप घेतला — ही अंधश्रद्धा आहे, माझ्या नाटकात चालणार नाही.

चाचा शांतपणे ढोलकीची दोरी आवळत होते. "अंधश्रद्धा नाई बेटा, हिसाब है. स्टेजवर एक आदमी आपन मारला. मंग त्या आदमीले घरी वापस न्या लागते का नाई?"

मी वाद घातला, हरले नाही, पण सोडून दिलं. नंतर तर तो नाटकाचाच भाग झाला. चाचांनी "सुकदेव किसन, ऊठ!" म्हटलं की मागच्या बाकांवरची पोरंही ओरडायची, मग सगळं प्रेक्षागृह ओरडायचं. काका मुद्दाम उशीर लावायचे. मग एक डोळा उघडून "हाव, हाय मी. चहा सांगा." हशा आणि टाळ्या.

मकरंदनं त्याचा सिनेमा करायचं ठरवलं. मकरंद अकोल्याचा, पुण्यात सिनेमा शिकून आलेला. दिग्दर्शन त्याचं आणि पैसाही त्याचाच, म्हणजे त्याच्या वडिलांच्या कापसाच्या जिनिंगचा. माणूस वाईट नाही. पण पहिल्याच बैठकीत म्हणाला, "वर्षा, बाकी सगळं ठेवतो. ते शेवटचं कडवं तेवढं काढू. कॉमेडीत एकदम जात आली की पब्लिक बिचकते."

"मकरंद, मग तो म्हातारा उठून बसतो कशाला?"

"मजेत उठेल. 'मी नाही मरणार' असं काहीतरी हॅपी लिही ना."

"मी नाही लिहिणार."

त्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतलं. करारात शेवटचा शब्द त्याचा होता. मी भांडले, पत्रं लिहिली, हरले. चित्रीकरणाला मात्र रोज जायचं ठरवलं — निदान डोळ्यात डोळे घालून उभी राहीन म्हणून.

हे काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते आजारी होते. मी भातकुलीला त्यांच्या घरी गेले. बाजेवर बसलेले, अंगात स्वेटर, उन्हाळ्यात. मी रागानं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "काढून राह्यला तं काढू दे. ते जुनंच झालं होतं. म्या पिच्चरसाठी नवं बांधलं. आयकतं?"

आणि दम घेत, हळू आवाजात त्यांनी ते म्हटलं—

*मढं माहं, लाकूड माहं, वझं माह्या भावाचं,*
*शेड म्हन्ता साऱ्याईचं, मंग कुलूप काहून गावाचं?*
*जित्तेपनी तं वळखलं मले जातीवरून गावानं,*
*मेल्यावर तं हाक मारा रे मले माह्या नावानं.*

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांची मुलगी विमलताई शेतात गेलेली. मी मोबाईल काढला तर म्हणाले, "आता नोको व पोरी, आवाज बसला. बरा झाल्यावर भर." मी ते लिहून घेतलं नाही. लिहायची गरजच नव्हती, ऐकताक्षणी पाठ झालं होतं. कोणाला म्हणूनही दाखवलं नाही, कारण मकरंदनं जुनंच काढलं होतं, नवं कुठे ऐकणार… काका बरे झाले नाहीत. त्याच आठवड्यात गेले.

त्यांच्या जागी पुण्याहून अनिरुद्ध सर आले. नट म्हणून उत्तम, माणूस म्हणून त्याहून चांगले. पण वऱ्हाडी त्यांच्या जिभेवर चढेना. 'माह्या' म्हणायला सांगितलं की आधी 'माझ्या' यायचं, मग 'माज्ह्या', मग सॉरी. त्यांनी नाटक पाहिलेलं नव्हतं, काकांना भेटलेले नव्हते. चाचा पडद्यावरही ढोलकी वाजवत होते, ते गमतीनं म्हणायचे, "सर, आप मरो अच्छेसे, बोलनेका हम देख लेंगे."

शेवटचं गाणं बार्शीटाकळीच्या पुढे एका पडीक वावरात होतं. जागा भारलेली होती वगैरे कोणी म्हणू नये. शेड आमच्याच आर्टवाल्यांनी उभं केलं होतं, पत्रे अकोल्याच्या दुकानातून आदल्या दिवशी आलेले, त्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा निघायची होती. तिथे कोणी जळलं नव्हतं, पुरलं नव्हतं. कापूस व्हायचा तिथे.

दुपारची वेळ. सरांना तिरडीवर निजवलं, हार घातले, गुलाल टाकला. शॉट लांबलचक होता, तिरडी येण्यापासून कडवं संपेस्तोवर एकाच दमात. पहिल्यांदा गर्दीतला एक जण कॅमेऱ्याकडे पाहून हसला. मग वारा आला. मग कुत्रं आलं. प्रत्येक वेळी सर उठायला लागले की असिस्टंट धावत यायची — "सर, प्लीज हलू नका! गुलाल हलला तर कंटिन्युइटी जाईल!" त्यांना पाणीही झोपल्याझोपल्या, नळीनं पाजलं.

चाचांची चुळबूळ सुरू झाली. "मकरंदबाबू, त्याले उठवा एक बार. किती वेळचा पडला हाये."

"चाचा, शॉट झाल्यावर."

"शॉटच्या बीचमध्येही आदमी असते ना यार!"

कोणी ऐकलं नाही. खरं सांगते, मीही नाही. मला तो नेम आठवला आणि मी मनात म्हटलं, चाचा, आता पुरे.

पुन्हा क्लॅप. तिरडी निघाली, फीत कापली, तिरडी थांबली. ढोलकीचा तुकडा वाजला. त्यावर सरांनी उठून बसायचं होतं. ते उठले नाहीत. चाचांनी तुकडा परत वाजवला. नाही. मकरंदनं हातानंच खूण केली, कॅमेरा चालू ठेवा.

"सर?" असिस्टंट म्हणाली. मग मकरंद, "अनिरुद्ध सर, क्यू." डोळे उघडे होते. छाती वरखाली होत होती. नजर समोरच्या शेडच्या पत्र्यावर. मी पुढे झाले. "अनिरुद्ध सर!" काही नाही.

"सर म्हनून कोनाले उठवतेत का?" चाचा ओरडले. "नाव घ्या त्याचं!"

"अनिरुद्ध!" मी पूर्ण ताकदीनं ओरडले. पापणी हलली नाही.

मग चाचांनी ढोलकीवर थाप मारली, आणि — सवयीनं असेल, घाबरून असेल, त्यांना स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही — वर्षानुवर्षं मारत आले तीच हाक मारली.

"सुकदेव किसन, ऊठ!"

"हाव… हाय मी."

सर उठून बसले. आणि गायला लागले. मकरंदनं लिहून घेतलेलं नाही. नाटकातलं जुनंही नाही. *मढं माहं, लाकूड माहं…* एकही 'माझं' नाही. दुसऱ्या ओळीनंतर काका भातकुलीला दम घ्यायला थांबले होते, तसेच थांबले. *मेल्यावर तं हाक मारा रे* म्हणताना आवाज खाली आला, तोही तसाच. मग हळूच आडवे झाले.

गर्दीतल्या बायका डोळे पुसत होत्या. काय ऐकलं हे फक्त मला माहीत होतं, पण काहीतरी ऐकलं हे सगळ्यांना कळलं होतं.

"कट," मकरंद कसाबसा म्हणाला.

सर ताबडतोब उठले, गुलाल झटकत. "सॉरी, सॉरी! माझा डोळा लागला वाटतं. ढोलकी वाजली का? परत घेऊ ना?"

मॉनिटरवर त्यांनी तो शॉट पाहिला. परत एकदा लावायला सांगून पाहिला. मग म्हणाले, "आवाज माझा आहे. पण हे मी म्हटलेलं नाही." मकरंद डबिंगचं बोलला तर त्यांनी हात जोडले. "यावर मी बोलणार नाही. ते ज्याचं आहे त्याचं राहू दे."

मी काय काय तपासलं ते सांगते, म्हणजे कोणी भोळी म्हणू नये. विमलताईंना विचारलं, काकांनी नवं कडवं त्यांच्यापुढे म्हटलंच नव्हतं. चाचांना ते माहीत नव्हतं, सेटवर पहिल्यांदा ऐकलं. मी झोपेत बडबडते का, कोणापुढे गुणगुणले का, हेसुद्धा घरच्यांना विचारलं. ऊन, थकवा, तंद्री — सर उठले नाहीत याचं कारण त्यात सापडतं. त्या चार ओळी कुठून आल्या याचं सापडत नाही.

पण चाचांचं दुखणं वेगळंच होतं. परतताना गाडीत ते एकदम म्हणाले, "अपनसे गलती हुई बेटा."

"कोणती?"

"उठवलं म्या सुकदेवले. गानं म्हनून तो वापस झोपला. अन् सर उठले. सुकदेवले मंग कोनं उठवलं?"

माझ्याकडे उत्तर होतं — चाचा, मेलेला माणूस मेलेला असतो. ते मला तेव्हा म्हणवेना. दुसऱ्या दिवशी चाचांच्या हट्टावरून मी त्यांना परत त्या वावरात घेऊन गेले. शेड उतरवून झालं होतं, वावरात खड्डे तेवढे. चाचांनी हाक मारली. मीही मारली… हो, मीच, पत्रकवाली. उत्तर आलं नाही. चाचा म्हणाले, "दोघाईनं नाई होत. त्याले पब्लिक लागते."

मकरंदनं शॉट अजून ठेवलाय. असा शॉट पुन्हा मिळणार नाही, हे त्यालाही कळतं. पण तो घाबरलेला आहे. "अकोला आणि अमरावतीचे पहिले खेळ पाहू," म्हणतो, "लोक कुरकुरले तर कडव्याआधीच पडदा काळा करतो." म्हणजे काकांनी मरता मरता बांधलेलं कडवं राहील की जाईल, हे त्या दोन गावांतल्या प्रेक्षागृहांत ठरणार आहे. सिनेमात शेवटी चाचांची हाकही नाही. म्हातारा आडवा होतो, आणि नावं सुरू होतात.

म्हणून एवढंच मागते. तुम्ही भुतं मानत असाल, नसाल, मला फरक पडत नाही. मी अजूनही मानत नाही, आणि त्या दुपारचं स्पष्टीकरणही माझ्याकडे नाही. खेळाला या. म्हातारा तिरडीवर परत आडवा झाला की खुर्चीतून उठू नका, मोबाईल काढू नका. मकरंद मागच्या रांगेत बसलेला असेल, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून म्हणा—

सुकदेव किसन, ऊठ!